टेरॅरियमला पंप लावण्याआधी पाणी जाणार कुठून ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन फुटी काचेचा डबा, ६० बाय ४५ सेंमी, समोर दार, वर जाळी. तळाला दोन इंच खडी, त्यावर कोळसा, त्यावर कोकोपीट आणि बागेतली माती. आत नेचे, दोन बेगोनिया, एक ज्वेल ऑर्किड. बाहेरच्या डब्यातला फॉगर नळीनं आत धुकं सोडतो, रोज सहा तास. चार महिन्यांत खडी पाण्यानं भरली, मातीला वास सुटला, नेचे पिवळे पडले. आता फॉगर काढून नॉझलवालं मिस्टिंग, म्हणजे पंपानं बारीक तुषार फवारणारी यंत्रणा बसवायचीय, तर पंप कोणता घेऊ?

पंप सांगतो, पण सगळ्यात शेवटी. आज तुमच्या डब्यात चांगला पंप बसवला, तर जे चार महिन्यांत झालं ते पुढच्या वेळी एका महिन्यात होईल. डब्यात पाणी यायची वाट आहे, जायची नाही.

आधी खडीबद्दलचा गैरसमज काढू. खाली खडी टाकली की वरची माती मोकळी राहते, असं आपण कुंड्यांपासून ऐकत आलोय. घरातला भांडी घासायचा स्पंज घ्या, नवा, आयताकृती. पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की त्याला लांब कडेवर उभा करा. लगेच परत पाणी गळायला लागेल. ते थांबलं की आखूड कडेवर, पूर्ण उंचीत उभा धरा. आणखी गळेल. स्पंज तोच, पाणी तेच. तळाशी ठरावीक उंचीचा एक ओला पट्टा कायम राहतो, बारीक छिद्रांनी धरून ठेवलेला. आडव्या स्पंजमध्ये तो पट्टा म्हणजे जवळपास सगळा स्पंज, उभ्यात फक्त खालचा भाग. मातीचंही तसंच आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती शेवटच्या थरापर्यंत चिंब झाली की मगच थेंब सुटतो. म्हणजे खडी तो ओला पट्टा नाहीसा करत नाही, दोन इंच वर उचलते एवढंच. ही माती आपली काळी असेल तर तो पट्टा इतका उंच असतो की तुमच्या नेच्यांची सगळी मुळं त्यातच बसलेली असणार. काळी माती कापसाला द्यावी, काचेच्या डब्यात आणू नये.

मग तळाचा थर कशाला हवा? कारण डब्याला भोक नाही. जास्तीचं पाणी मुळांपासून लांब कुठेतरी साठायला हवं. तो निचरा नाही, ती टाकी आहे. आणि टाकी म्हटली की ती किती लिटरची आणि किती दिवसांत भरते, हे दोन प्रश्न आलेच.

तुमच्या तळाचं क्षेत्रफळ २,७०० चौरस सेंमी. रिकामी जागा असेल तर एक सेंमी उंचीला २.७ लिटर पाणी मावतं, पाच सेंमीला साडेतेरा. पण खडी भरली की उरतात फक्त दगडांमधल्या फटी, साधारण ४० टक्के. म्हणजे पाच सेंमी खडीत जेमतेम साडेपाच लिटर. वर वीसेक किलो वजन टेबलावर, ते वेगळंच. क्ले बॉल्स, म्हणजे भाजलेल्या मातीचे हलके गोळे वापरले तर वजन पाचेक किलोवर येतं, जागा मात्र खडीइतकीच अडते. म्हणून दोन फुटी किंवा त्याहून मोठ्या डब्यात मी खडी किंवा बॉल्स भरतच नाही. तळ पोकळ ठेवतो. याला फॉल्स बॉटम म्हणतात.

फॉल्स सीलिंगच्या दिव्यांखाली चौकोनी खणांची पांढरी प्लास्टिक जाळी असते ना, एगक्रेट, ती तळाच्या मापाला सगळीकडून अर्धा सेंमी कमी कापायची. खाली पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे साडेपाच सेंमीचे तुकडे पायांसारखे उभे करायचे, दर १५ सेंमीला एक. प्रत्येक तुकड्याला खालून एक खाच द्या, नाहीतर पाइपच्या आत पाणी अडून कुजतं. एगक्रेट मिळाली नाही तर भांड्यांच्या प्लास्टिक रॅकची जाळीही चालते, फक्त पाय जवळजवळ द्या. त्यावर खिडकीला लावतात ती फायबरची मच्छरजाळी, आणि तिच्या कडा काचेला लागून तीन-चार सेंमी वर दुमडलेल्या. या दुमडीचा लोक कंटाळा करतात. कडेनं कोकोपीट खाली सांडतं, पाण्यात ढीग होतो, तो ढीग वरच्या मातीला टेकतो आणि वातीसारखं पाणी पुन्हा वर चढतं. सगळी मेहनत एका चमचाभर कोकोपीटनं फुकट जाते. पाठीमागच्या भिंतीला मॉस लावलं असेल तर त्याचंही टोक पाण्यात बुडत नाही ना ते बघा, तीही वातच.

कोळशाबद्दल एका वाक्यात: तो विष शोषतो वगैरे विसरा, मिश्रण भुसभुशीत ठेवायला तो उत्तम आहे, म्हणून वेगळा थर न करता मिश्रणातच घाला. मिश्रणाचं प्रसिद्ध प्रमाण अटलांटा बोटॅनिकल गार्डनच्या नावानं चालतं. त्यात झाडनेच्याचा भुगा आणि पीट लागतं. आपल्याकडे झाडनेच्याचा भुगा शोधत बसू नये. मी नारळाच्या सालीचे तुकडे दोन भाग, पाइनची साल दोन भाग, स्फॅग्नम मॉस, कोळसा आणि कोकोपीट एकेक भाग घेतो. कोकोपीट तीन पाण्यांतून धुऊनच, त्यात मीठ असतं. थर पुढे आठ आणि मागे पंधरा सेंमी. उतार नुसता शोभेचा नाही. स्पंज आठवा, उंच भाग जास्त मोकळा राहतो. ऑर्किड मागे, ओल सोसणारं सेलाजिनेला आणि मॉस पुढे.

आता पाणी बाहेर काढायचं. दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग म्हणजे आड. मागच्या कोपऱ्यात एक इंची पीव्हीसी पाइप उभा करायचा, जाळीतून आरपार तळापर्यंत, वरचं तोंड मातीच्या दोन बोटं वर. खालच्या टोकाला खाचा, वर बूच, आणि त्यावर मॉसचा गोळा म्हणजे दिसत नाही. दर पंधरा दिवसांनी बूच काढून टॉर्च मारा, पाणी किती आलंय दिसतं. मोठ्या सिरिंजला मत्स्यटाकीची हवेची नळी जोडून उपसून घ्या किंवा सिरिंजनं ओढ लावून नळीचं टोक खालच्या बादलीत सोडा. एक-दोन डबे असतील तर खरंच एवढं पुरतं. मिस्टिंग नसलेल्या डब्यात मी दुसरं काही करतच नाही.

टायमरवर मिस्टिंग लावणार असाल तर मात्र काचेला भोक हवं, कारण यंत्र विसरत नाही आणि आपण विसरतो. हार्डवेअरच्या दुकानातून आधी अर्धा इंची टँक निपल, म्हणजे टाकीच्या भिंतीतून नळी बाहेर काढायचा जोड आणा, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा, मग त्या मापाचा डायमंड होल सॉ, म्हणजे काचेला गोल भोक पाडणारा बिट घ्या. बहुधा २२ मिमी लागतो. त्याआधी काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली नाही ना याची खात्री करा. टफन्ड काचेला भोक पडत नाही, सगळी काच एका क्षणात चुरा होते. तपासायची युक्ती अशी की काचेमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन ठेवायचा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघायचं. पट्टे किंवा ढगांसारखे डाग दिसले तर टफन्ड. तरी डबा करणाऱ्याला विचाराच, कधीकधी तळ टफन्ड आणि भिंती साध्या असतात.

डबा पालथा करून मागची काच वर आणा. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी लांब हवी, म्हणजे मध्यबिंदू तळापासून साडेतीन सेंमीवर घ्या. आतून जाड टेप लावा. खूण केलेल्या जागेभोवती मुलांच्या खेळण्यातल्या मातीचं आळं करा, झाडाला करतो तसं, आणि त्यात पाणी भरा. ड्रिलचा हॅमर बंद, वेग सगळ्यात कमी. पहिली खाच पडेपर्यंत बिट किंचित तिरका धरा, मग हळूहळू सरळ. दाब द्यायचा नाही, ड्रिलचं वजन पुरे. पाणी दुधासारखं पांढरं होत जाईल, ते बदलत राहा. पाच-सहा मिमी काचेला दहा मिनिटं लागू द्या. शेवटच्या मिलिमीटरला आवाज बदलतो, थोडा पोकळ येतो. तिथे दाबण्याऐवजी ड्रिल जवळजवळ उचलून धरायचं. माझ्या फुटलेल्या तीन काचांपैकी तीनही त्या शेवटच्या मिलिमीटरला फुटल्या आहेत.

निपलचा रबरी वायसर आतल्या बाजूला, हातानं घट्ट, पान्यानं नाही. आत भोकासमोर मत्स्यटाकीच्या फिल्टरचा जाड स्पंज ठेवा, नाहीतर मुळं आत शिरतात. बाहेरची नळी सतत उताराची हवी. मध्ये कुठे झोळ पडून पुन्हा वर चढली की हवा अडते आणि पाणी थांबतं. या भोकातून तळाचं सगळं पाणी जाणार नाही, दोन-अडीच सेंमी राहीलच. राहू द्या, त्यानं आत दमटपणा टिकतो. म्हणूनच पाय साडेपाच सेंमीचे सांगितले: पाण्याची पातळी आणि जाळी यांच्यात तीन सेंमी हवा उरते. ही हवा महत्त्वाची. पाणी थेट मातीला भिडलं की तिथला प्राणवायू संपतो आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो, तोच तुम्हाला येतोय.

इथे एक जुनी गोष्ट सांगायचा मोह होतो. काचबंद झाडांचा हा सगळा प्रकार लंडनच्या नथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरमुळे रूढ झाला. १८२९मध्ये त्यानं पतंगाचा कोश ओलसर मातीत घालून बाटलीत ठेवला होता. पतंगाचं राहिलं बाजूला, मातीत नेचा आणि गवत उगवलं. ती झाडं तीन-चार वर्षं पाण्याचा थेंबही न घालता जगली. मेली कशी? झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं. पुढे अशाच काचपेट्यांतून चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली. सांगायचं हे की पूर्ण बंद डब्याला मिस्टिंग लागतच नाही. वर जाळी असेल, हवा खेळती असेल, ऑर्किड किंवा भिंतीवरची झाडं असतील, तरच त्या खर्चात पडा. तुमच्या वर जाळी आहे, म्हणून पुढचं लिहितो.

फॉगर तुम्ही काढताय ते योग्यच. त्याचे थेंब इतके सूक्ष्म असतात की ते हवेत तरंगतात, पाणी नेमकं हवं तिथे पडत नाही. पाण्यात क्षार असतील तर तेही हवेत उडून पानांवर आणि काचेवर पांढरी भुकटी बसते. दिसतं छान, फोटोला चांगलं.

मिस्टिंगसाठी वेगळा महागडा पंप मागवायची गरज नाही. घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये असतो तो २४ व्होल्टचा आरओ बूस्टर पंप घ्या, सोबत त्याचा अडॅप्टर, पाव इंची आरओची नळी, पुश फिटिंग (नळी नुसती दाबून बसवायचे जोड) आणि ०.३ मिमीची स्प्रिंगवाली अँटी-ड्रिप, म्हणजे पंप थांबल्यावर न ठिबकणारी नॉझल. हे सगळं आरओ दुरुस्तीच्या दुकानात आणि शेतीच्या फॉगर-ड्रिपवाल्यांकडे मिळतं. पंपाच्या आधी बारीक गाळणी लावाच, ०.३ मिमी भोकात वाळूचा एक कणही अडतो. नळी ब्लेडनं काटकोनात कापा, कात्रीनं नाही, तिरकी कापलेली नळी पुश फिटिंगमधून ठिबकते. पंप फोमच्या तुकड्यावर ठेवा. फरशीवर ठेवला तर पहाटेच्या पहिल्या फवाऱ्याला घर जागं होतं.

नॉझल किती? दोन. चार नाही. इथे सगळे चुकतात, म्हणून गणित मांडतो. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. तुमचा तळ ०.२७ चौरस मीटर, म्हणून तुमच्या डब्यात २७० मिली म्हणजे एक मिलिमीटर. माझ्याकडचं ०.३ मिमीचं नॉझल मिनिटाला साधारण ७० मिली पाणी देतं. चार नॉझल लावली तर मिनिटाला २८० मिली, म्हणजे मिनिटाला एक मिलिमीटर, तासाला साठच्या वेगानं. त्या वेगानं मुंबईत तासभर पाऊस पडला तर दादरच्या सखल हिंदमाता चौकात काय होतं ते सांगायला नको. दोन नॉझल, २० सेकंद, दिवसातून चार वेळा केलंत तर रोज १८५ मिलीच्या आसपास पाणी पडतं. उन्हाळ्यात त्यातलं बरंचसं जाळीतून उडून जातं. जुलैत काहीच उडत नाही, महिन्याला साडेपाच लिटर तळात उतरतात. आता तुमच्या खडीच्या साडेपाच लिटरच्या टाकीकडे पुन्हा बघा.

म्हणून वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलायचं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा अगदी कोरडी, तेव्हा २० सेकंदांचे चार-पाच फवारे. जून लागला की दोन, जुलै-ऑगस्टमध्ये सकाळचा एकच, आणि तोही काच दुपारपर्यंत कोरडी होत असेल तरच. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात पंपाचं बटण बंद केलं तरी चालतं. संध्याकाळी उशिरा फवारणी नको, रात्रभर ओली राहिलेली बेगोनियाची पानं हमखास सडतात. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पानं सुकायलाच हवीत. सुकत नसतील तर सेकंद कमी करायच्या आधी कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा जाळीवर उलटा ठेवून बघा, हवा बाहेर ओढणारा.

टायमर घेताना तो सेकंदांत चालतो का हे विचारा. दुकानात सहज मिळणाऱ्या फिरत्या चकतीच्या टायमरची सगळ्यात छोटी पायरी बहुधा १५ मिनिटांची असते. पंधरा मिनिटं म्हणजे दोन नॉझलनी दोन लिटर पाणी. टायमरच्या आत सेल असावा, नाहीतर वीज जाऊन आली की त्याची घड्याळाची वेळ चुकते आणि पहाटेचा फवारा मध्यरात्री होतो. अडॅप्टर जमिनीपासून वर टांगा, वायर आधी खाली झोळ देऊन मग प्लगकडे न्या म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही, आणि त्या लाइनला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना ते बघा.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या काळात जागा नाही म्हणून मी पाण्याचा १५ लिटरचा कॅन कपाटावर ठेवला होता आणि टेरॅरियम खाली टेबलावर. पंप बंद, टायमर बंद, आम्ही झोपलो. असला डायफ्रॅम पंप बंद असला तरी वरून येणारं पाणी त्याच्या झडपांमधून पुढे सरकू शकतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नॉझल साधी, स्प्रिंग नसलेली. एकेका नॉझलमधून मिनिटाला सहा-सात मिली, चार नॉझल, आठ तास. सकाळी कॅनमध्ये तळाशी थोडंसंच पाणी. बाकीचं समोरच्या दाराच्या फटीतून फरशीवर, आणि फरशीतून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतात. रंगाचे पैसे मीच दिले. तेव्हापासून नियम एकच: टाकीतल्या पाण्याची पातळी नॉझलच्या खाली. टाकी जमिनीवर, पंप तिच्या शेजारी, डबा टेबलावर.

टाकी अपारदर्शक घ्या, उजेड शिरला की शेवाळ धरतं आणि ते थेट गाळणीत जातं. झाकणाला हवेचं छोटं भोक लागतं, नाहीतर आत पोकळी होऊन पंप ओढत नाही, आणि त्या भोकावर मच्छरजाळी चिकटवा. निचऱ्याच्या बादलीलाही झाकण हवं. महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला येतात तेव्हा कुंड्यांखालच्या बशा आधी उचलून बघतात. तुमची बादली त्यांना सापडायला नको.

पाणी कसलं? दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. आकडा ५०च्या खाली असेल तर निर्धास्त. बोअरचं पाणी नॉझलमध्ये अजिबात नको, महिन्याभरात काच दुधी आणि नॉझल बंद. घरच्या आरओचं पाणी चालतं, पण त्यात मिनरल काडतूस किंवा टीडीएस कंट्रोलर असेल तर त्याच्या आधीच्या नळीतून घ्या, कारण त्याच्या पुढच्या पाण्यात क्षार परत मिसळलेले असतात. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम, पहिले दोन-तीन पाऊस सोडून. एसीचं पाणी झाडांना मी देतो, आत कुठलाही प्राणी असेल तर देत नाही, ते तांब्याच्या नळ्यांवरून येतं. नॉझल तिरकी फवारायला लागली की काढून लिंबूसताच्या कोमट पाण्यात रात्रभर टाका. सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि मग ते नॉझल फवारत नाही, थुंकतं.

तुमच्या डब्याचं आता काय करायचं? नेचे उपटून मुळं बघा. पांढरी-तपकिरी आणि टणक असतील तेवढी ठेवा, काळी लिबलिबीत कापून टाका. झाडं दोन आठवडे झाकणाच्या डब्यात ओल्या स्फॅग्नमवर राहतात, मरत नाहीत. सगळं रिकामं करा, माती परत बागेत. भोक पाडायचं असेल तर डबा रिकामा आहे तोवरच. कुठे चिकटवायला सिलिकॉन लागलं तर बाथरूमचं बुरशीरोधक नको, मत्स्यटाकीचं साधं घ्या आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत झाडं लावू नका. लावल्यावर पहिले पंधरा दिवस हाताच्या स्प्रेनंच पाणी द्या आणि निचऱ्याच्या बादलीत किती येतं ते बघत राहा. मग पंप जोडा. नॉझल आत बसवायच्या आधी मेजरिंग कपात धरून एक मिनिट चालवा आणि जो आकडा येईल तो डब्याच्या मागच्या काचेवर मार्करनं लिहून ठेवा. माझे ७० मिली माझ्या पंपाचे आहेत, तुमचे वेगळे येतील.